आधी तास द्या, मग सूर्यनमस्कार सांगा

आमच्या कॉलेजच्या पोरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पोरं म्हणजे आता सगळी पन्नाशीला टेकलेली. मध्यंतरी त्यातल्या एकाने लिहिलं की पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन महिने झाले कॉलेजला जात नाही, खोलीत पडून असतो, जेवला तर जेवला, डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय, काय करावं कळेना. अर्ध्या तासात ग्रुपचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, "भावा, उद्यापासनं तालमीत घाल, पहाटे चारला उठून जोर-बैठका मारू दे, डिप्रेशन-बिप्रेशन सगळं घामातनं जातंय." दुसरा त्याच्यावर खवळला, "असलं काही सांगू नका, हा मेंदूतल्या केमिकलचा आजार आहे, शुगरवाल्याला सांगता का जोर मार म्हणून?" त्यावर पहिला लगेच, "शुगरवाल्याला डॉक्टर चालायलाच सांगतोय की!" मग रात्री अकरापर्यंत लिंका, फॉरवर्ड, कुणाच्या तरी मेव्हण्याचा अनुभव, आणि या सगळ्यात पोराचा बाप कधी गप्प झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढ्या मेसेजमध्ये एकानेही एवढं विचारलं नाही की ते पोरगं सकाळी किती वाजता घराबाहेर पडत होतं आणि परत किती वाजता येत होतं.

हा वाद फक्त आमच्या ग्रुपवर नाही, स्टाफरूममध्ये पण हाच चालतो आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या बाकड्यावर पण हाच. माझं मत आधीच सांगून टाकतो. व्यायामाने डिप्रेशनला फरक पडतो, चांगला पडतो, आणि जे "छे, काही उपयोग नाही" म्हणतात त्यांनी पुरावा नीट बघितलेला नाही. पण ज्या व्यायामाने फरक पडतो तो फावल्या वेळातला व्यायाम आहे, आपल्या मर्जीने आणि शक्यतो चार माणसांत केलेला. यातला 'फावला वेळ' हा भाग दोन्ही पार्ट्यांनी खाऊन टाकलाय. आमच्या पोरापोरींना व्यायामाचं महत्त्व माहीत नाही असं कोण म्हणतं? रील्सवर दिवसभर तेच बघतात. त्यांच्याकडे नाही तो मोकळा तास, आणि तो तास त्यांच्याकडून घेतलाय आपण मोठ्यांनी.

आता विरोधातलं जे सगळ्यात दणकट आहे ते आधी मान्य करतो. डिप्रेशन आजार आहे, आळस नाही. त्या आजाराचं पहिलं कामच मुळी उठायची इच्छा मारणं हे आहे, त्यामुळे "उठ आणि पळ" हे सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला दवाखान्यापर्यंत चालत ये म्हणण्यासारखं आहे. आणि नुसत्या सांगण्याने काय होतं हे तपासूनही झालंय. इंग्लंडमध्ये डिप्रेशनच्या ३६१ पेशंटवर एक मोठा प्रयोग झाला, २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक एक माणूस जो भेटून आणि फोनवरून हालचाल वाढवायला मदत करणार. त्या लोकांनी आधीपेक्षा जास्त हालचाल केल्याचं सांगितलं, पण डिप्रेशनमध्ये काही फरक पडला नाही, गोळ्याही कमी झाल्या नाहीत. तालमीवाल्या मित्राने हे एकदा शांतपणे वाचावं असं मला वाटतं. सल्ला म्हणजे उपचार नव्हे, आणि तो डॉक्टरी भाषेत दिला काय किंवा "भावा" म्हणून दिला काय.

दुसरा मुद्दा त्याहून बारीक आहे. जे व्यायाम करतात ते मुळात बरे असतात म्हणूनच करत असतील तर? ही शंका जुनी आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टराने बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, दिवसभर डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त असं दिसलं, मोठा गाजावाजा झाला. पण मॉरिस प्रामाणिक माणूस, तीन वर्षांनी त्यानेच दोघांच्या युनिफॉर्मची मापं काढून बघितली तर ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीला लागतानाच जास्त होत्या! म्हणजे जिन्याने सगळं केलं असं काही नाही, कंडक्टर आधीपासूनच सडपातळ होते. डिप्रेशनच्या बाबतीत हीच शंका दसपट मोठी आहे, कारण निराश माणूस मैदान सोडतो हे तर आपण डोळ्यांनी बघतो. मैदान सोडल्यामुळे तो निराश झाला की निराश झाल्यामुळे मैदान सुटलं?

याचं उत्तर शोधायचा चांगला प्रयत्न नॉर्वेत झालाय. तिथे ३३,९०८ माणसं घेतली, सुरुवातीला ज्यांना असा काही त्रास नव्हता अशीच, आणि अकरा वर्षं त्यांच्या मागे राहिले. निष्कर्ष असा की सगळ्यांनी आठवड्याला फक्त एक तास काहीतरी व्यायाम केला असता तर पुढे झालेल्या डिप्रेशनच्या केसेसपैकी १२ टक्के टळल्या असत्या. दिवसाला नाही, आठवड्याला एक तास! आणि घाम फुटेपर्यंत केला की आरामात केला याने फरक पडला नाही. नंतर २०१९ ला अमेरिकेतल्या लोकांनी आणखी हुशारी केली, जन्मताना वाट्याला येणाऱ्या जनुकांवरून हिशोब मांडला, कारण जनुकं म्हणजे लॉटरी, ती काही नंतर आलेल्या निराशेमुळे बदलत नाहीत. त्यात पण मनगटावरच्या यंत्राने मोजलेली हालचाल डिप्रेशनपासून वाचवते असं निघालं, उलट्या दिशेचा पुरावा सापडला नाही. गंमत म्हणजे लोकांनी तोंडाने सांगितलेल्या व्यायामाचा असा काही संबंध दिसला नाही. तोंडाने तर आम्ही पण रोज पाच किलोमीटर चालतो.

मग इलाज म्हणून किती चालतो? इथे मी फुशारकी मारणार नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या १५६ पेशंटचे तीन गट केले, एकाला फक्त गोळी, एकाला फक्त व्यायाम, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले, फक्त गोळीने आराम लवकर पडला. हे वाक्य अर्धवट कापून "गोळ्या फेका, पळायला जा" असे फॉरवर्ड फिरतात. उरलेलं अर्धं असं की २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तोवरचे ३९ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा फायदा दिसला खरा, पण त्यातले फक्त काटेकोर प्रयोग वेगळे काढले की तो इतका बारीक झाला की आहे म्हणायची पण पंचाईत. आणि मग २०२४ ला पुन्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ प्रयोग, १४,१७० माणसं, त्यात चालणं-जॉगिंग, योगासनं आणि वजनं उचलणं यांचा चांगला परिणाम दिसला, जरी पुराव्याची खात्री कमीच आहे असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. अडचण अशी की गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, पण व्यायामाच्या प्रयोगात खोटा व्यायाम कसा देणार? जोर मारणाऱ्याला आपण जोर मारतोय हे कळणारच. तेव्हा "व्यायामाने डिप्रेशन बरं होतं" हे वाक्य जेवढ्या छातीठोकपणे आपल्याकडे बोललं जातं तेवढं छातीठोक नाही, पण "काही होत नाही" हे तर सरळ चूक आहे. (जाता जाता, त्या २०२४ च्या अभ्यासात वजनं उचलण्याचा फायदा बायकांना जास्त आणि योगासनांचा पुरुषांना जास्त दिसला. आपण करतो नेमकं उलटं, पोरगा जिमला आणि पोरगी योगा क्लासला.)

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. गावाकडच्या पालकांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं, "आमची पोरं शेतात राबतात सर, त्यांना कसला आलाय वेगळा व्यायाम." हे वाक्य बरोबर वाटतं, कारण शरीर हलतंय ना? पण नॉर्वेतच आधी २०१० साली ४०,४०१ लोकांचा अभ्यास आला होता, त्यात फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांना डिप्रेशन कमी, आणि कामावर अंगमेहनत करणाऱ्यांना? त्यांना तसा काही फायदा नाही. तेच हात, तेच पाय, तोच घाम, तरीही नाही. इतर देशांतले अभ्यास एकत्र केले तरी साधारण असंच चित्र येतं, मोकळ्या वेळातली हालचाल मनाला तारते, कामाची आणि घरकामाची तारत नाही. त्या नॉर्वेवाल्यांनी कारण पण शोधलं तर व्यायामाने हृदयात, नाडीत जे बदल होतात त्यापेक्षा माणसांची सोबत आणि चार लोकांत मिसळणं याचा वाटा जास्त निघाला. म्हणजे स्नायूला काम काय आणि खेळ काय, दोन्ही सारखंच, मनाला मात्र ते बरोबर कळतं. पहाटे उठून म्हशीचं वैरण-पाणी करून, धारा काढून, मग कॉलेजला येणाऱ्या पोराला "तुझा व्यायाम होतोच की" म्हणणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला "तुम्हाला काय, दिवसभर जेवणाचा वास" म्हणण्यातला प्रकार झाला.

आणि यातलं काही कोल्हापूरला नवीन नाही. आपल्या तालमी काय होत्या? तालमीत व्यायामाला 'मेहनत' म्हणतात हे खरं, पण मेहनत संपल्यावर कुणी उठून घरी पळत नव्हतं. थंडाई घोटणं, एकमेकांची अंगं रगडणं, वस्तादाच्या शिव्या खाणं, कट्ट्यावर बसून दुनियेची मापं काढणं, पुढे गणपती, फुटबॉलची टीम, पेठेतल्या कुणाच्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला पहिली तालमीची पोरं. आजही शाहू स्टेडियमवर जे संघ खेळतात त्यातल्या कितीतरींच्या नावात तालीम शब्द आहे (आणि मॅच संपल्यावर समर्थकांची जी हाणामारी होते तीही परंपरेने आलेली आहे, तिचं कौतुक मला नाही). आमचा तालमीवाला मित्र जेव्हा म्हणतो की तालमीने पोरं सरळ होतात तेव्हा तो पूर्ण खोटं बोलत नाही. तो फक्त चुकीच्या गोष्टीला श्रेय देतो. त्याला वाटतं जोराने झालं, मला वाटतं कट्ट्याने पण झालं. आता इथे मला स्वतःला पण ओढून धरलं पाहिजे, कारण २००७ च्या ड्यूकच्याच दुसऱ्या प्रयोगात घरी एकट्याने व्यायाम करणारे लोक गटात करणाऱ्यांच्या फार मागे नव्हते. म्हणजे माणसं हेच सगळं काही असंही म्हणता येणार नाही. पण एकोणीस वर्षांचं गावाकडून आलेलं पोरगं, कॉट बेसिसवर राहणारं, त्याला मेसच्या डब्याशिवाय दुसरं कुणी भेटत नसेल तर त्याच्यासाठी मैदान म्हणजे आधी माणसं आणि मग व्यायाम, हे मी अनुभवाने सांगतो.

अनुभव म्हणजे, मी पण पडलो होतो. दुसऱ्या वर्षाला, राजारामपुरीत कॉट बेसिसवर, तीन महिने. तेव्हा डिप्रेशन हा शब्द आमच्या घरात नव्हता, घरचे म्हणाले "डोक्यावर परिणाम झालाय" आणि एका काकांनी बाहेरचं बघायला देवऋषी गाठला. माझा रूम पार्टनर राधानगरीकडचा, कमी बोलणारा. तो मला कधी म्हणाला नाही की व्यायाम कर. तो रोज संध्याकाळी चप्पल पायात सरकवायचा आणि म्हणायचा "चल, दूध पिऊन येऊ." दूध गंगावेशीला, म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात. राजारामपुरीतून गंगावेस म्हणजे जाऊन-येऊन चांगलं तासाभराचं चालणं, आणि मधनंच कधी रंकाळ्याला वळण. पहिले आठ-दहा दिवस मी गेलोच नाही, तो एकटा जाऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. मग जायला लागलो. मी बरा झालो का त्याने? नाही. पण महिन्याभराने चालता चालता मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की रात्री डोक्यात काय येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, दुधाच्या ऐवजी, तो मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. गोळ्या आठ महिने घेतल्या. आता हे चालण्याने झालं का गोळ्यांनी झालं असं मला ग्रुपवर विचारतात तेव्हा काय सांगू? रस्ता एकच होता.

म्हणून "व्यायाम की औषध" हे भांडणच मला मुळात खोटं वाटतं. पण त्या भांडणाचा फायदा कुणाला होतो ते बघा. दुसऱ्या पार्टीची एक भीती अगदी रास्त आहे, की व्यायामाचं नाव पुढे करून कॉलेजं समुपदेशकाचा पगार वाचवतील. वाचवतातच की! योग दिनाला एकवीस जूनला दोनशे पोरं सतरंजीवर बसवून फोटो काढला की मानसिक आरोग्याचा रकाना भरला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशनच्या शंभर पेशंटपैकी पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं आढळलं होतं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, सरकारी आकडा आहे, आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर आपला महाराष्ट्र. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. तो नेमलाय का, हे आपापल्या पोरांच्या कॉलेजात जाऊन विचारा, आणि नसला तर समोरचा माणूस सूर्यनमस्काराच्या उपक्रमाची फाईल काढतोय का ते पण बघा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, तो प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यात लिहिलेला असायला काय हरकत आहे? ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतायत त्याला मैदानावर नाही, डॉक्टरकडे न्यायचं, त्याच दिवशी, यात मला वादच नको.

पण समुपदेशक नेमला म्हणजे मैदानाची गरज संपली असंही नाही. आठ देशांतल्या एकोणीस कॉलेजांमधल्या जवळपास चौदा हजार पहिल्या वर्षाच्या पोरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात ३५ टक्के पोरांना आयुष्यात कधी ना कधी तरी मानसिक आजाराची लक्षणं होऊन गेलेली निघाली, सगळ्यात जास्त डिप्रेशनची. त्यात भारत नव्हता, पण समजा आपल्याकडे याच्या निम्मे धरले तरी कुठलं कॉलेज एवढे समुपदेशक आणणार? दारात रांग लागायच्या आधी काहीतरी पाहिजे की नाही? आठवड्याला एका तासाने १२ टक्के टळत असतील तर तेवढी रांग कमी, आणि समुपदेशकाला उरलेल्यांकडे नीट बघायला वेळ.

मुद्दा इथे आला की शिस्तीचा पक्ष म्हणतो, मग सक्ती करा ना! रोज एक तास कंपल्सरी, हजेरी घ्या, मार्क द्या. नव्या शैक्षणिक धोरणात आता योग, क्रीडा, एनएसएस यांना क्रेडिट आलेच आहेत, त्यातच घट्ट बसवा. ही गोष्ट आपण एकदा करून बघितलीय. बासष्टच्या चीन युद्धानंतर, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ नुकतं सुरू झालं होतं त्याच सुमाराला, १९६३ मध्ये कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली. हेतू चांगलाच होता. पाच वर्षांत, १९६८ ला, ती सक्ती उठवावी लागली आणि एनसीसी परत ऐच्छिक झाली. आज जी एनसीसी पोरं जीव टाकून करतात, कॅम्पसाठी रडतात, ती ऐच्छिक एनसीसी. सक्तीच्या तासाला फावला वेळ म्हणत नाहीत, तो आणखी एक पिरियड झाला, आणि वर बघितलं तसं कामाच्या घामाला मन जुमानत नाही. क्रेडिटचं म्हणाल तर मी स्वतः त्या याद्यांवर सह्या करतो, कागदावर सगळे योगी आहेत.

यावर एक हुशार सहकारी मला म्हणाला, "सर, शाहू महाराजांनी पण सक्तीच केली होती की शिक्षणाची." बरोबर आहे, मी थोडा वेळ गप्प बसलो. १९१७ चा तो कायदा. पण सक्ती कुणावर होती? पोरावर नव्हती, बापावर होती. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आणि त्याच्याही आधी, १९०१ पासून, महाराजांनी मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, एकामागून एक वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला "शिक" म्हणून उपयोग नाही, त्याला कोल्हापुरात रात्री अंग टाकायला जागा पाहिजे हे त्यांनी ओळखलं होतं. कुस्तीचंही तसंच. बलोपासनेवर व्याख्यानं देत फिरण्यापेक्षा रोममधलं कलोसियम बघून आले आणि १९१२ ला खासबाग मैदान बांधून मोकळे झाले, जिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदा नीट दिसतो. तेव्हा शाहूंचं नाव घेऊन सक्ती करायचीच असेल तर खुशाल करा, पण पोरांवर नको, आमच्यावर करा. टाइमटेबल लावणाऱ्यांवर, ग्राउंड भाड्याने देणाऱ्यांवर.

कारण पोरांचा दिवस बघा ना एकदा. गारगोटीकडनं येणारी पोरगी सकाळची एसटी पकडते, त्याआधी घरातलं आवरते, लेक्चर, जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यानंतर प्रॅक्टिकल साडेचार-पाचपर्यंत, मग परत स्टँडवर गाडीची वाट, घरी दिवेलागणीला, मग चुलीपुढे. हिचा फावला वेळ कुठला? तर एसटीत उभं राहून मोबाईल बघते तो. आणि वर आपण म्हणायचं की आजची पिढी मोबाईलमुळे डिप्रेशनमध्ये चाललीय. हॉस्टेलवरच्या पोरींचं वेगळं, त्यांना वेळ असतो तेव्हा गेट बंद व्हायची वेळ झालेली असते आणि ग्राउंडवर दिवा नसतो, असला तर त्या दिव्याखाली बाहेरची टोळकी. तालमीचं एवढं गुणगान वर मी केलं पण पोरींसाठी ती दारं कधी उघडी होती? गावात नेमबाज तेजस्विनी सावंत झाली म्हणून मिरवायचं आणि आपल्या पोरीने सायंकाळी साडेसहाला ट्रॅकपँट घालून ग्राउंडवर जायचं म्हटलं की "कशाला, घरातच योगा कर". स्पर्धा परीक्षावाले तर आणखी वेगळेच, अभ्यासिकेत सकाळी आठला खुर्ची धरली की रात्री दहालाच सुटते, उठून पळायला गेला तर बाजूचा पुढे जाईल ही धास्ती, पोलीस भरतीवाले तेवढे पळतात, पण ते पळणं सेकंदावर मोजलेलं, चुकलं की वर्ष गेलं. त्याला मोकळ्या वेळातला व्यायाम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इच्छाशक्तीवाले मग खाशाबा जाधवांचं नाव घेतात. कुठलीही सोय नसताना १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं की, इच्छा असली की सगळं होतं! अहो, पण पूर्ण गोष्ट सांगा ना. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले तेव्हा तो माणूस हेलसिंकीला पोचला. त्या गोष्टीतली इच्छाशक्ती एकट्या खाशाबांची नाही, प्राचार्यांची पण आहे. आज कुणी घर गहाण टाका म्हणत नाही. ग्राउंडवर लग्नाचा मांडव आणि सेलचे स्टॉल टाकू नका एवढंच म्हणणं आहे.

"आमच्या वेळी कुठे होतं डिप्रेशन" हे पण एकदा निकालात काढतो. होतं, वर काकांचा देवऋषी सांगितलाच. पण त्या वाक्यात एक खरी गोष्ट लपलेली आहे. आमच्या वेळी कॉलेज दुपारी सुटायचं आणि सुटलेला माणूस खरंच सुटायचा. क्लास नव्हते, ऑनलाइन असाइनमेंट नव्हती, इंटर्नशिप हा शब्द नव्हता. संध्याकाळी टेनिस बॉल आणि तीन स्टंप, मोकळी जागा दिसेल तिथे. त्यात आमचं कर्तृत्व शून्य, ती संध्याकाळ आम्हाला आयती मिळालेली होती. मग ज्या पोरांना ती मिळालेली नाही त्यांच्यापुढे तिच्यावरून कॉलर ताठ कशाला करायची? आणि मिळाली की ही पोरं काय करतात ते जुलैमध्ये बघून या, पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे जाणाऱ्या मोहिमा. मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल, जळवा, पन्नासच्या वर किलोमीटर, आणि हीच आळशी म्हणून बदनाम झालेली पिढी गाणी म्हणत जाते, पोरी पण. कुणी हजेरी घेतली? किती क्रेडिट मिळाले?

माझी मागणी फार छोटी आहे, इतकी छोटी की ती मोठ्या चर्चेत बसत नाही. आठवड्यातले तीन दिवस चार ते साडेपाच कुठल्याही वर्गाचं काहीही ठेवू नका, ना लेक्चर ना प्रॅक्टिकल ना गेस्ट लेक्चर. त्या वेळात ग्राउंडचं गेट उघडं, दिवा चालू, बॉल आणि नेट बाहेर काढलेलं, पोरींसाठी वेगळा वेळ लागला तर तो, आणि गावाच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून एसटी डेपोशी एकदा बोलून घ्या. खेळायचं तर खेळा, चालायचं तर चाला, कट्ट्यावर बसायचं तर बसा, हजेरी नाही. पहिले सहा महिने निम्मी पोरं कँटीनला जातील, जाऊ देत, मी पण आठ-दहा दिवस दूध प्यायला गेलो नव्हतो. समुपदेशकाने पण त्या वेळात केबिनमध्ये न बसता ग्राउंडला एक चक्कर मारावी, केबिनच्या दारात उभं राहायला पोरांना लाज वाटते, चालता चालता बोलायला नाही वाटत.

हे सगळं मी आमच्या मीटिंगमध्ये मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकाने टाळी पण वाजवली. पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल परवा बोर्डावर लागलं, दुसऱ्या वर्षाच्या बी बॅचचं प्रॅक्टिकल सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेतीन ते साडेपाच, आणि खाली शिक्षकाच्या रकान्यात माझं नाव.